रूळ, पूल आणि अडलेलं काम

रायपूरहून मी, तुमचा निवृत्त कर्नल. गेल्या भागात आपण बिंबाजी भोसल्यांच्या रतनपूरबद्दल बोललो. आजही जागा छत्तीसगडच आहे, पण सुरुवात पुण्यातून करतो, कारण निमित्त झालं माझ्या भाचीच्या फोनचं.

भाची हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्यांची टीम एका रुग्णालयासाठी अॅप बनवते. फोनवर म्हणाली, "मामा, तीन आठवडे झाले, आमचं काम ठप्प आहे. लॉगिन दुसरी टीम करते, ते होत नाही तोवर आमच्या एकाही स्टोरीला हात लावता येत नाही." मी विचारलं, बाई, स्टोरी म्हणजे काय? तिनं समजावलं ते असं. मोठं काम एकदम हातात घेत नाहीत, त्याचे छोटे तुकडे करतात. प्रत्येक तुकडा एका कार्डावर लिहितात: कोणाला, काय हवं, कशासाठी. "रुग्ण म्हणून मला डॉक्टरांची वेळ घरबसल्या घ्यायची आहे, म्हणजे रांगेत उभं राहावं लागणार नाही." झाली यूजर स्टोरी. दोन आठवड्यांच्या एका फेरीत अशी काही कार्डं पुरी करायची. अडचण कुठे येते? एक कार्ड दुसऱ्यावर अडतं, दुसरं तिसऱ्यावर. त्याला ही मंडळी डिपेंडन्सी म्हणतात. आमचे जवान विचारायचे, "साहब, कौन किसका रास्ता देख रहा है?" तोच प्रश्न.

मला माझा पहिला बेली ब्रिज आठवला. मी सॅपर, नवा कोरा लेफ्टनंट. बेली ब्रिज म्हणजे दुसऱ्या महायुद्धात इंग्रज अभियंता डोनाल्ड बेली यानं काढलेला सुट्या भागांचा लोखंडी पूल. आधी काठावर रोलर बसवायचे, मग त्यांच्यावर पॅनेल जोडत जोडत पूल पलीकडे ढकलत न्यायचा. रोलर नाहीत तर काहीच नाही. आणि माझ्या ताफ्यात रोलरचा ट्रक सगळ्यात शेवटी होता, तोही एकेरी डोंगरी रस्त्यावर. पुढच्या ट्रकांना वळायला जागा नाही. पॅनेल हजर, माणसं हजर, आणि आम्ही तीन तास चहा पीत बसलो. ट्रकांचा क्रम मीच लावला होता. सुभेदारसाहेब काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. ते जास्त लागलं.

असो. आता इतिहासाकडे. रायपूर स्टेशनात मुंबई-हावडा मेल उभी राहते तो मार्ग कसा बांधला गेला, हे बघितलं की भाचीचा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे हे कळतं.

जी.आय.पी. रेल्वे मुंबईहून नागपूरला पोचली १८६७ साली. पण १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता जोडणी झाली ती जबलपूर-अलाहाबादकडून, लांबच्या वळशानं. नागपूरच्या पूर्वेला रूळ नव्हते. छत्तीसगड म्हणजे धानाचं कोठार, पण कोठाराला दार नाही अशी अवस्था. बंजारे बैलांच्या पाठीवर धान्य बाहेर न्यायचे आणि येताना मीठ आणायचे. बैल किती नेणार? १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात लोक अन्नावाचून मेले. त्यानंतर, १८७८ मध्ये, नागपूर-छत्तीसगड रेल्वेचं काम सुरू झालं. साधारण २४० किलोमीटरचा मार्ग, नागपूर ते राजनांदगाव.

तो कसा बांधला हे बघण्यासारखं आहे. आधी सगळा भराव, मग सगळे पूल, मग सगळे रूळ असं करत गेलं असतं, तर शेवटची खिळपट्टी ठोकेपर्यंत एकही गाडी धावली नसती. तसं झालं नाही. १८८० मध्ये नागपूर ते तुमसर हा तुकडा सुरू झाला: रूळ, स्टेशनं, गाडी, सगळं धरून. भंडाऱ्याकडच्या माणसाला तेवढाही तुकडा कामाचा होता. पुढे सालेकसा-दरेकसा-डोंगरगडचा जंगलपट्टा पार करत मार्ग राजनांदगावला टेकला. भाचीच्या भाषेत याला उभा काप म्हणतात. केक कापताना वरची साय एकाला आणि खालचा पाव दुसऱ्याला असं आपण देत नाही. सगळे थर असलेला एकेक तुकडा देतो. काप उभा असला की एक तुकडा दुसऱ्यासाठी खोळंबत नाही.

पण इथे एक गोम होती. हा मार्ग मीटर गेजचा होता. नागपूरपर्यंत आलेली जी.आय.पी. ब्रॉडगेज. एकीकडे रुळांमधलं अंतर साडेपाच फूट, दुसरीकडे एक मीटर. डबे इकडचे तिकडे जाणार कसे? छत्तीसगडचं प्रत्येक पोतं नागपूरला हमालाच्या पाठीवर उतरायचं आणि दुसऱ्या गाडीत चढायचं. मीटर गेज स्वस्त पडतं, लवकर होतं, दुष्काळानंतरची घाई होती, म्हणून तो निर्णय झाला. मला तो चुकीचा वाटत नाही. तुकडा एकटा उभा राहिला, पण सांध्यावर पाणी गळत राहिलं. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिनं हा मार्ग घेतला आणि सगळा उखडून ब्रॉडगेज केला. भाचीला हे सांगितलं तर हसली. म्हणाली, आमच्याकडे याला रीवर्क म्हणतात आणि सगळे त्याला घाबरतात.

मग बी.एन.आर. पुढे निघाली: रायपूर, बिलासपूर, रायगड, झारसुगुडा, चक्रधरपूर. लक्ष्य कलकत्ता. पण हावड्याला सरळ जायचं तर वाटेत मोठ्या नद्या, आणि त्यांतली अवघड ती कोलाघाटची रूपनारायण. कंपनी पुलासाठी थांबली असती तर? थांबली नाही. मार्ग पुरुलियाकडून उत्तरेला वळवला आणि आसनसोलला ईस्ट इंडियन रेल्वेच्या रुळांना जोडला. १ फेब्रुवारी १८९१ ला नागपूर-आसनसोल मार्ग खुला झाला. म्हणजे माल कलकत्त्याला जायला लागला, पण शेवटचा टप्पा दुसऱ्याच्या रुळांवरून. आणि हा दुसरा कोण, तर मुंबई-कलकत्ता वाहतुकीतला स्पर्धकच, कारण अलाहाबादचा जुना मार्ग त्याचाच होता. शत्रूच्या छावणीतून रसद नेण्यासारखं. तरी नऊ वर्षं काम चाललं. रूपनारायणवरचा पूल १९ एप्रिल १९०० ला खुला झाला आणि मग खडगपूरवरून हावडा थेट जोडला गेला.

फौजी माणूस म्हणून मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. पूल व्हायचा तेव्हा होईल. तोवर भाड्याची वाट घे, महाग पडली तरी घे, आणि पूल बांधणं सोडू नकोस.

विसाव्या शतकात याच प्रश्नावर दुसरं उत्तर आलं: सगळे धागे कागदावर काढा. १९५७-५८ मध्ये अमेरिकी नौदलानं पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट नावाची पद्धत काढली. प्रत्येक काम म्हणजे एक बाण, कुठला बाण कुठल्यानंतर, कुठली साखळी सगळ्यात लांब, हे मोठ्या जाळ्यात मांडायचं. आमच्या कोर्समध्येही हे शिकवलं, आणि भिंतभर तक्ते मीही काढलेत. पोलारिस वेळेच्या आधी तयार झालं, १९६० मध्ये पाण्याखालून डागलंही गेलं, आणि पर्टची कीर्ती जगभर पसरली. गंमत पुढे आहे. हार्वी सापोल्स्की या अभ्यासकानं १९७२ मध्ये त्या प्रकल्पावर पुस्तक लिहिलं आणि दाखवलं की पर्टचा मोठा उपयोग वरच्या साहेबांना आणि बाहेरच्या तपासनिसांना दूर ठेवण्यासाठी झाला. तक्ता इतका देखणा की कोणी आत डोकावायलाच येईना! ज्यानं हेडक्वार्टरसाठी तक्ते काढलेत त्याला हे पटायला वेळ लागत नाही.

सॉफ्टवेअरवाले पुढे उलट्या टोकाला गेले. केंट बेक आणि त्याचे सहकारी १९९६ पासून क्रायस्लर मोटार कंपनीच्या पगाराच्या प्रणालीवर काम करत होते. तिथे जाड दस्तऐवज बाजूला ठेवून साध्या कार्डांवर गोष्टी लिहायची रीत रुजली. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जणांनी अजाईलचा जाहीरनामा काढला. २००३ मध्ये बिल वेक यानं चांगल्या स्टोरीचे सहा गुण सांगितले, त्यातला पहिलाच गुण म्हणजे ती स्वतंत्र असावी. दुसऱ्या कुठल्या कार्डावर अडून बसू नये.

असावी म्हटलं म्हणून होत नाही. मग काय करतात? दोन कार्डं एकमेकांत फारच गुंतली असली तर एक करून टाकतात. किंवा काप वेगळ्या जागी घेतात. किंवा, आसनसोलसारखी तात्पुरती वाट काढतात: खरं लॉगिन नाही ना, मग त्याच्या जागी खोटं, साधं काहीतरी लावून पुढचं काम तपासायचं. आणि जे उरतं त्याचा क्रम लावायचा आणि रोज सकाळी उभ्या उभ्या विचारायचं, कोण कोणाची वाट बघतंय. रोलरचा ट्रक कुठे आहे, हे निघताना विचारायचं. नाल्यावर पोचल्यावर नाही. भाचीला मी विचारलं, रुग्णाला लॉगिन नसलं तरी वेळ मिळू शकेल का? नुसता मोबाइल नंबर घेऊन काउंटरवरच्या माणसानं नोंद केली तर? ती म्हणाली, बघते.

आता ज्या भागासाठी हा विषय घेतला तो.

रेल्वे आली आणि छत्तीसगडचं धान बाहेर जाऊ लागलं. भाव मिळाला. राजनांदगावला १८९० च्या दशकात कापड गिरणी उभी राहिली, तीच पुढे बंगाल नागपूर कॉटन मिल्स. रायपूरची बाजारपेठ वाढली. कार्ड पुरं झालं म्हणायला हरकत नव्हती. आणि मग १८९६ ला पाऊस गेला. १८९९ ला पुन्हा गेला. दोन्ही दुष्काळांत मध्य प्रांत होरपळला, त्यात आपला रायपूर-बिलासपूरचा भागही. १९०१ च्या जनगणनेत मध्य प्रांताची लोकसंख्या १८९१ पेक्षा कमी भरली. दहा वर्षांत माणसं वाढायची सोडून घटली, आणि हे घडलं तेव्हा नागपूर-आसनसोल गाडी रोज धावत होती.

हे कसं? पूर्वी विकायला वाटच नव्हती, म्हणून चांगल्या सालचं धान शेतकऱ्याच्या कोठीत पडून राहायचं आणि वाईट साली तेच खायचं. तो पावसावर अवलंबून होताच, पण मधे कोठी होती. रेल्वेनंतर कोठीतलं धान भाव बघून बाहेर गेलं. तो आता भावावर, व्यापाऱ्यावर, हातातल्या रोकडीवर अवलंबून झाला. गाडीनं धान्य परत आणता येत होतं आणि आणलंही जात होतं. ज्याच्याकडे पैसाच नाही तो ते घेणार कसं? अमर्त्य सेनांनी १९८१ च्या पुस्तकात दुष्काळाबद्दल हेच मांडलं, की बाजारात धान्य असतानाही माणूस उपाशी मरतो. रेल्वेमुळे दुष्काळ पडले असं मी म्हणत नाही. रेल्वे नसती तर काही ठिकाणी आणखी माणसं मेली असती. मी एवढंच म्हणतो की एक बंधन सुटलं आणि त्याच्या जागी दुसरं बसलं, ते कोणाच्या तक्त्यावर नव्हतं.

पाण्याचं काम आधी करा, असं तेव्हा सांगणारे होते. रमेशचंद्र दत्त यांनी १९०० मध्ये लॉर्ड कर्झनला दुष्काळावर खुली पत्रं लिहिली. रेल्वेआधी सिंचन हा त्यांचा आग्रह होता. त्याच्याही आधी, १८८० च्या दशकात, पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेच्या विस्तारावर टीका केली होती. कर्झननं १९०१ मध्ये कॉलिन स्कॉट-मॉनक्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग नेमला. धमतरीजवळ महानदीवरचं रुद्रीचं बांधकाम आणि तांदुला तलाव, म्हणजे आज आपल्याकडच्या धानाला जगवणारं कालव्याचं पाणी, हे सगळं त्या दुष्काळांनंतरचं. क्रम असा लागला: आधी धान बाहेर नेणारे रूळ, मग मेलेली माणसं, मग धान पिकवणारं पाणी. कार्डावर "कोणाला" या जागी मुंबई-कलकत्त्याचा व्यापारी होता, सरकार होतं, लंडनचा भागधारक होता. बालोदचा शेतकरी त्या ओळीत असता तर पाण्याचं कार्ड वर आलं असतं की नाही, मला सांगता येणार नाही. पण निदान कोणी विचारलं तरी असतं.

परवा भाचीचा पुन्हा फोन आला. लॉगिन बाजूला ठेवून त्यांनी पहिला तुकडा दिला. काउंटरवरची बाई मोबाइल नंबर घेते, वेळ देते, रुग्णाला एसएमएस जातो. साहेब खूश आहेत. मी विचारलं, त्या काउंटरवरच्या बाईचं काम किती वाढलं? तिला कोणी विचारलं होतं का?

तिकडून जरा वेळ आवाज आला नाही. मग म्हणाली, "उद्या जाऊन विचारते, मामा."

पुढच्या भागात रायपूर-धमतरीची छोटी लाईन. तुमच्यापैकी कोणाचे आजोबा-पणजोबा बी.एन.आर.मध्ये नोकरीला असतील, घरात जुना पास, फोटो, काही असेल, तर जरूर कळवा.