मोडीत निघालेली गणकयंत्रे

जुने गणकयंत्र घ्यावे, त्याचे झिजलेले भाग काढावेत, त्याच जातीच्या दुसऱ्या मोडक्या यंत्राचे धड भाग त्यात बसवावेत आणि ते पुन्हा चालते करावे, ही तशी एकच क्रिया होय. परंतु ती मुंबईत घडली तेव्हा संसदेच्या समितीने तिच्यावर ताशेरे ओढले, आणि कॅलिफोर्नियात घडली तेव्हा तिला वस्तुसंग्रहालयाचे छत्र लाभले. यंत्रही दोन्ही ठिकाणी एकाच नमुन्याचे होते. आय्. बी. एम्. कंपनीचे १४०१ हे त्याचे नाव.

आम्हा भिलाईकरांना १९५९ हे साल सांगावे लागत नाही. त्या वर्षी ४ फेब्रुवारीस राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेत १४०१ ची घोषणा झाली. तोवरची बहुतेक गणकयंत्रे निर्वात नळ्यांवर चालत. त्या तापत, जळत आणि खोलीभर उष्णता सोडीत. १४०१ मध्ये त्यांची जागा जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांनी घेतली. त्याची स्मृती म्हणजे तारांच्या जाळीत ओवलेली फेराइटची इवलीशी कडी. एका अक्षरास आठ कडी लागत. म्हणजे चार हजार अक्षरांच्या स्मृतीस बत्तीस हजार. कड्यातील चुंबकत्वाची दिशा हाच त्याचा आशय. तो वाचला की पुसला जाई, म्हणून वाचल्याबरोबर यंत्रास तो पुन्हा लिहावा लागे. मात्र वीज गेली तरी लिहिलेले तसेच राही. छापणारे यंत्र मिनिटास सहाशे ओळी छापी, आणि छिद्रे पाडलेली कार्डे मिनिटास आठशे या वेगाने वाचली जात.

या यंत्राची विद्युन्मंडले हाताच्या पंजाएवढ्या सुट्या पट्ट्यांवर जुळविलेली असत आणि अशा हजारो पट्ट्या खोबणींत बसविलेल्या असत. त्या पद्धतीचे इंग्रजी आद्याक्षरी नाव होते एस्. एम्. एस्. आमच्या गावी एस्. एम्. एस्. म्हणजे पोलाद वितळविण्याचा विभाग, जेथे जुन्या लोखंडाचा चुराडाही पुन्हा रसात जातो! असो. नाव एक असले तरी गुण उलटे. या पट्ट्यांमुळेच बिघडलेला तुकडा तेवढा उपसून दुसरा बसविणे शक्य झाले, आणि पुढे घडलेल्या दोन्ही कथा त्यामुळेच शक्य झाल्या.

१९६१ साली मुंबईत एसो या तेल कंपनीकडे हे यंत्र आले. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात रेल्वेच्या विभागीय मुख्यालयांतही ते बसले आणि पगारपत्रके, मालवाहतुकीचा हिशेब, भांडाराची मोजदाद त्याच्यावर होऊ लागली. त्याचे स्वागत सर्वत्र झाले असे नाही. कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी यंत्र इमारतीत येऊ नये म्हणून पहारे दिले. स्वयंचलनाच्या प्रश्नावर सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांच्याकडे होते व तिचा अहवाल १९७२ साली आला. तो वाद मोठा आहे आणि त्यात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. आपल्याला हवी ती बाब निराळी. यातली बहुतेक यंत्रे विकत घेतलेली नव्हती, ती भाड्याने घेतलेली होती.

आणि भाड्याने दिलेल्या यंत्रांपैकी पुष्कळशी नवीनही नव्हती. परदेशांतील गिऱ्हाइकांनी परत केलेली १४०१ यंत्रे आहेत त्या स्थितीत येथे आणावयाची, मुंबईच्या कारखान्यात ती उकलून, दुरुस्त करून, रंगवून पुन्हा उभी करावयाची आणि भाड्याने द्यावयाची, असा क्रम होता. अमेरिकेत या यंत्राची विक्री १९७१ साली बंद झाली. आपल्याकडे ते त्यानंतरही जोमात होते. १९७५-७६ मध्ये लोकलेखा समितीने सरकारी खात्यांतील गणकयंत्रांसंबंधी जो अहवाल दिला, त्यात या व्यवहारावर कठोर टीका झाली. कालबाह्य माल आणून त्याच्यावर भरमसाट कमाई केली जात आहे, असा तिचा आशय होता. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये परकीय भागभांडवल चाळीस टक्क्यांवर आणण्याचा आग्रह सरकारने धरला, कंपनीने तो मानला नाही, आणि १९७८ साली तिने भारतातील आपला व्यवसाय आवरला. मागे राहिलेल्या यंत्रांची निगा सी. एम्. सी. या सरकारी कंपनीकडे आली. निर्माता निघून गेल्यावर यंत्र जगविणे म्हणजे काय, हे तिच्या अभियंत्यांना रोजच्या कामातून शिकावे लागले.

समितीचा रोष मला चुकीचा वाटत नाही, तथापि तो जेथे पडला तेथे तो पूर्ण पोचला असेही वाटत नाही. जुने यंत्र दुरुस्त करून वापरणे यात लबाडी ती कोणती? आपल्या देशात शिलाईचे यंत्र तीन पिढ्या चालते, आणि त्याची कोणी तक्रार करीत नाही. मुंबईच्या कारखान्यात ज्या कारागिरांनी ती यंत्रे उभी केली त्यांच्या हातांत खरी विद्या होती. दोष होता तो व्यवहाराच्या घडणीत. यंत्र भाड्याचे म्हणजे त्याची मालकी कंपनीची. त्याच्या विद्युन्मंडलांच्या आकृत्या कंपनीच्या. ते दुरुस्त करण्याची रीत कंपनीच्या पुस्तकांत. भाडेकरू घर सोडतो तेव्हा त्याच्यापाशी भाड्याच्या पावत्या उरतात, घराचा नकाशा उरत नाही. आपली गत तशी झाली.

आता दुसरी कथा. २००४ साली कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने जर्मनीतील हाम येथून एक जुने १४०१ आणविले. दमट हवेने त्यात गंज शिरला होता, ट्रान्झिस्टरांच्या तारा खाल्ल्या गेल्या होत्या. शिवाय जर्मनीतील वीज आपल्यासारखीच सेकंदास पन्नास आवर्तनांची आणि अमेरिकेतील साठ आवर्तनांची. म्हणून यंत्रापूर्वी आवर्तने बदलणारे साधन मिळवावे लागले. रॉबर्ट गार्नर यांच्या पुढाकाराने जमलेल्या मंडळींत आय्. बी. एम्. मधून निवृत्त झालेले अभियंते पुष्कळ होते. ज्या यंत्रांची तरुणपणी दुरुस्ती केली त्यांच्याच पुढ्यात ते म्हातारपणी येऊन बसले. एकेक पट्टी काढून तपासणे, मेलेला ट्रान्झिस्टर बदलणे, कार्डे ओढणारे कडक झालेले रबर नवे करणे, असे ते काम वर्षानुवर्षे चालले. २००८ साली कनेक्टिकटमधील डेरिएन येथील एका घराच्या तळघरात सापडलेले दुसरे १४०१ त्यांच्या हाती आले. तेथे एक कुटुंब ते यंत्र ठेवून इतरांचे हिशेब करून देत असे. आज तेथे १४०१ चालताना पाहता येते.

त्या मंडळींपाशी मुंबईच्या कारागिरांहून अधिक कौशल्य होते असे म्हणता येणार नाही. त्यांच्यापाशी होत्या त्या आकृत्या, प्रत्येक तार कोठून निघते व कोठे जाते हे दाखविणाऱ्या, गठ्ठेच्या गठ्ठे. कागद असेल तर यंत्राचे काय होऊ शकते याचा याहूनही नवलाचा दाखला इंग्लंडात आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची गुप्तलिपी फोडण्यासाठी उभारलेली कोलोसस ही यंत्रे युद्धानंतर हुकमाने मोडण्यात आली आणि त्यांचे नकाशे जाळण्यात आले. टोनी सेल यांनी १९९३ मध्ये ते यंत्र नव्याने उभारावयास घेतले, तेव्हा त्यांच्या हाती १९४५ ची आठ छायाचित्रे आणि काही अभियंत्यांनी नियम मोडून जपलेले आकृत्यांचे तुकडे एवढेच होते. निकालात निघालेल्या टेलिफोन केंद्रांतील जुने भाग त्यांनी मिळविले. २००७ साली ते काम पुरे झाले. यंत्राचा खिळाही उरला नसता ते परत आले, कारण चार माणसांनी चार कागद घरी नेले होते.

आपली स्वतःची यंत्रे नव्हती काय? होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या चमूने १९५६ मध्ये एक प्रायोगिक यंत्र चालू केले आणि १९६० मध्ये मोठे यंत्र. त्यात २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि त्याची लोखंडी चौकट अठरा फूट लांब होती. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण ‘टिफ्रॅक’ असे केले. त्यानंतर १९६९ च्या जानेवारीत तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात टी. डी. सी.-१२ हे बारा बिटांचे यंत्र विक्रम साराभाई यांच्या हस्ते कार्यान्वित झाले. ज्यास पुढे मिनिकॉम्प्युटर म्हणू लागले त्या जातीचे हे यंत्र, आणि नावातच तुर्भे. हैदराबादच्या ई. सी. आय्. एल्. ने ते बाजारात आणले व सत्तरीच्या दशकात टी. डी. सी.-३१२ आणि टी. डी. सी.-३१६ ही त्याची पुढली भावंडे काढली. ही यंत्रे भाड्याची नव्हती. त्यांच्या आकृत्या येथेच काढल्या गेल्या, येथल्याच अभियंत्यांनी त्यांवर पेन्सिलीने दुरुस्त्या केल्या. १४०१ च्या बाबतीत आपण कंपनीकडे बोट दाखवू शकतो. येथे ती सोय नाही.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहे, आणि वस्तू कंडम कशी होते हे मी टेबलावरून पाहिले आहे. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे वस्तू जादा, कालबाह्य वा निरुपयोगी ठरविताना कारण नोंदवावे लागते, समिती बसते, वस्तूची पुस्तकी किंमत आणि राखीव किंमत काढली जाते. मग लिलाव. विजेवर चालणाऱ्या टाकाऊ मालासाठी २०२२ चे निराळे नियम आहेत आणि तो नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा वा पुनर्वापरकर्ता यांच्याकडेच द्यावा लागतो, जे आरोग्यदृष्ट्या योग्यच आहे. परंतु या सर्व रकान्यांत वस्तूचे वजन येते, वय येते, किंमत येते. तिच्यासारखी दुसरी कोठे शिल्लक आहे काय, हा रकाना नाही. यंत्राबरोबर आलेली पुस्तके आणि नकाशे तर समितीपुढे येतच नाहीत. ती त्याआधीच, कपाट रिकामे करावयाचे म्हणून, रद्दीत गेलेली असतात.

मराठी वाचकास ही रद्दीची गोष्ट अपरिचित नाही. वि. का. राजवाडे वाडे आणि देवघरे धुंडीत हिंडले, ते अशाच दप्तरांसाठी. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला, तोपर्यंत वाळवीने आणि बंबाने किती रुमाल खाल्ले याचा हिशेब कोण देणार? पण राजवाड्यांना एक आधार होता. कागद हाती आला की मोडी वाचणारा माणूस गावोगाव मिळत होता. गणकयंत्राची आकृती हाती आली तर ती वाचणारा माणूस आज आहे, पण तो ऐंशीच्या घरात आहे. १९६९ मध्ये पंचविशीत असलेल्या अभियंत्याने नुकतीच ऐंशी ओलांडली. सी. एम्. सी. हे नावही २०१५ साली टाटा कन्सल्टन्सीत विलीन झाले, आणि तिच्या जुन्या अभियंत्यांपैकी कित्येक नागपूर, हैदराबाद, पुणे अशा गावी निवृत्तीचे दिवस काढीत असतील.

या मासिकाचे वाचक रेल्वेत, अणुऊर्जा खात्यात, आयुर्विम्यात आणि आमच्या पोलाद कारखान्यात नोकऱ्या करून देशभर विखुरलेले आहेत. कोणाच्या वडिलांच्या पेटीत निळ्या छापाचा एखादा घडी घातलेला नकाशा असेल, छिद्रे पाडलेली चार कार्डे असतील, दुरुस्तीच्या नोंदींची वही असेल. दिवाळीच्या साफसफाईत ती बाहेर निघते. तिच्या पहिल्या पानावर यंत्राचा क्रमांक आणि साल लिहिलेले आहे काय, तेवढे आधी पाहावे. नसल्यास, वडील असतील तोवर त्यांना विचारून लिहून घ्यावे.