शिरोलीचा धूर आणि पेशीतला पहारा

कोल्हापूरजवळची, पुणे-बंगळूर महामार्गालगतची शिरोली एमआयडीसी ओतकामावर उभी आहे. कोल्हापुरात ही विद्या शेतीच्या गरजेतून रुजली. उसाचे चरक आणि पाणी उपसणारी ऑइल इंजिने दुरुस्त करता करता मिस्त्री सुटे भाग ओतू लागले, मग अख्खी इंजिने, पुढे गाड्यांचे भाग. कोक जाळणाऱ्या क्युपोला भट्ट्यांच्या जोडीला विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या. ग्रीन सँडच्या साच्यात मात्र आजही वाळू, बेंटोनाइट, पाणी आणि कोळशाची पूड असते.

या पुडीला तापलेल्या लोखंडाचा रस भिडला की ती अर्धवट जळते. त्या धुरात बेंझोपायरीन या कर्करोगकारक द्रव्याच्या कुळातली रसायने असतात.

काजळी आणि कर्करोगाचे नाते १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांवरून ओळखले. जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी १९१५मध्ये डांबर चोळून सशांच्या कानावर गाठी उठवल्या. १९३३मध्ये डांबरातून बेंझोपायरीन वेगळे झाले. १९८७पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लोखंड-पोलादाच्या ओतकामाला कर्करोगकारक व्यवसायांच्या पहिल्या गटात बसवले.

पेशीला हा धूर कळतो कसा? अॅलन पोलंड यांच्या प्रयोगशाळेने १९७६मध्ये उंदराच्या यकृतात एक ग्राही प्रथिन दाखवले: एरिल हायड्रोकार्बन रिसेप्टर. धुरातले रसायन चिकटताच हे ग्राही पेशीच्या केंद्रकात शिरते आणि रसायन मोडणारी विकरे तयार करवते. घात असा, की हीच विकरे बेंझोपायरीनला डीएनएला इजा करणारे रूप देतात.

२०११मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी दुसरी बाजू उघड केली. मेंदूतल्या गाठी ट्रिप्टोफॅनपासून कायनुरेनिन बनवतात. ते याच ग्राहीला जागे करते आणि गाठीवर चालून येणाऱ्या रोगप्रतिकारक टी-पेशी दुबळ्या पडतात. परिसराची खबर देणारी यंत्रणा गाठीला लपायला आडोसा देते.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या, २०२३मध्ये मान्यता मिळालेल्या ‘नेक्सकार१९’ उपचारात रुग्णाच्या याच टी-पेशींना कर्करोगी पेशी ओळखायला शिकवतात. तो काही रक्ताच्या कर्करोगांवर चालतो. फुप्फुसातल्या घट्ट गाठीभोवतीचे वातावरण अशा पेशींना अजून दाद देत नाही. म्हणून रस ओतण्याच्या जागेवरच धूर ओढून घेणारे हूड आणि साच्यातली कमी कोळसापूड हा कारखान्याच्या खर्चातला पहिला आकडा असायला हवा. रस ओतण्याचा लॅडल धरणाऱ्या कामगाराचा तो हक्क आहे.