गुन्हा ते वारसा : कापोएराचा इतिहास

ब्राझीलमध्ये गुलामी कायद्यानं संपली १३ मे १८८८ ला. काळ्या माणसाला सुटका मिळाली, जमीन नाही मिळाली. आणि १८९० च्या दंडसंहितेनं त्याची कापोएरा गुन्हा ठरवली. कापोएरा म्हणजे आफ्रिकेतून धरून आणलेल्यांनी आणि त्यांच्या पोराबाळांनी घडवलेली लढाईची विद्या. लाथ, हुलकावणी, गाणं, वाजवणं, सगळं एकात. रस्त्यात खेळताना सापडला की दोन ते सहा महिने तुरुंग!

त्याच डिसेंबरात मंत्री रुई बार्बोसानं गुलामीची सरकारी कागदपत्रं जाळायचा हुकूम काढला. मालकांनी भरपाई मागू नये, हा त्यामागचा हेतू सांगतात. पण राख झाली ती गुलामांच्या नोंदींची.

मग इतिहास लिहायचा कशावरून? संशोधकांनी पोलिसांचीच दप्तरं उलटी वाचली. 'गुंड' म्हणून पकडलेला माणूस कोण, कुठला, काय काम करायचा, हे त्यातूनच हाती आलं. डेश-ओबी यांनी २००८ च्या ग्रंथात कापोएराचं मूळ दक्षिण अंगोलातल्या एंगोलोत शोधलं. असुन्साव म्हणतात, मूळ एकच नाही, ती ब्राझीलमध्ये अनेकांच्या मिसळीतून घडली. वाद चालू आहे, चालू द्या. काळ्या माणसाला इतिहास आहे, हे मात्र आता कुणी नाकारू शकत नाही.

१९३२ मध्ये, कायदा उरावर असतानाच, मेस्त्रे बिंबानं साल्वादोरमध्ये शाळा काढली. १९४० च्या नव्या संहितेतून तो गुन्हा गेला. २०१४ ला युनेस्कोनं कापोएराला मानवजातीचा वारसा म्हटलं. पण दुसरा थोर गुरू पास्तिन्या १९८१ मध्येच गेला होता, आंधळा आणि कंगाल.

मित्रांनो, कलेचा सत्कार होतो तेव्हा विचारा : ती जपणाऱ्याच्या ताटात काय पडलं?