उलांडीच्या होडीचा सराव : प्रस्तावना

या विषयात नव्याने येणाऱ्याने आधी दोन शर्यती शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. एक ५०० मीटरची, सहा जणांच्या होडीने साधारण दोन मिनिटांत संपवायची. दुसरी हवाईतली, मोलोकाई बेटापासून ओआहूपर्यंत, काईवीच्या सामुद्रधुनीतून सुमारे ६५ किलोमीटर. १९५२ पासून चालू असलेली ही शर्यत अव्वल संघांचेही पाचएक तास घेते. घडण मात्र दोन्हीकडे तीच: अरुंद लांब होडी आणि डाव्या बाजूला आडव्या दांड्यांना बांधलेली उलांडी. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर अशा होड्या पाहिलेल्या वाचकाला ती समजावून सांगायला नको.

दोन्हींचा सराव वेगळा, पण वाटतो तितका नाही. दोन मिनिटांच्या जोरातही शरीर मोठ्या प्रमाणात प्राणवायूवरच चालते. म्हणून छोट्या पल्ल्याच्या वल्हेकऱ्यालाही तासतासभराचे संथ वल्हवणे चुकत नाही. उलट भर समुद्रात मागून आलेली लाट होडी उचलू लागली, की ती धरायला आठ-दहा हात जिवाच्या आकांताने मारावे लागतात. लाट धरली, की तेवढाच दम खाता येतो. ते आठ-दहा हात ज्याच्या अंगात नाहीत, तो लांब पल्ल्यातही मागे पडतो.

माझ्या मते या विषयाचा गाभा याहून पुढे आहे. सहा जणांची ताकद यंत्रावर मोजून बेरीज केली, तरी होडीचा वेग हाती लागत नाही. पहिल्या जागेवरचा ठेका धरतो, सहावा दिशा सांभाळतो, आणि दर बारा-पंधरा हातांनी हाक येते. हाकेनंतर एक हात पुरा करायचा. लगेच वल्हे मांडीवरून पलीकडे, वरचा हात खाली, खालचा वर, आणि पाते पुन्हा पावलाच्या रेषेत पाण्यात. सहाही पाती एकदम, ठेका न चुकता. थकवा पहिल्यांदा दिसतो तो इथेच. कुणाची कंबर वळायची थांबते आणि तो नुसत्या खांद्याने ओढू लागतो. कुणाचे पाते कमरेमागे रेंगाळते आणि पुढे जाण्याऐवजी होडी खाली दाबली जाते. म्हणूनच बाजू बदलण्याचा सराव ताज्या अंगाने घेऊन भागत नाही. तो सत्राच्या शेवटी, दम निघाल्यावर घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

शर्यतीचे नियमही सराव घडवतात. मोलोकाईच्या शर्यतीत सोबतच्या बोटीतून बदली वल्हेकरी पाण्यात उतरतात आणि चालत्या होडीत चढतात. ते चढणेही शिकावे लागते. १९९२ पासूनच्या ताहितीच्या हवाईकी नुईत तीन दिवस, हुआहिनेपासून बोराबोरापर्यंत, बदली नसते. तिथे खाणेपिणे हाच सरावाचा मोठा भाग होतो.

टोकियो पॅरालिम्पिकमध्ये एका वल्हेकऱ्याच्या उलांडीच्या होडीची २०० मीटरची शर्यत आली आणि ग्वाल्हेरच्या प्राची यादव तिच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. आपल्याकडच्या वाचकाने या विषयात शिरावे, यासाठी एवढे निमित्त पुरे आहे.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचावीत. पाण्यात उतरणाऱ्याने मात्र उलटलेली होडी सरळ करण्याचे प्रकरण आधी वाचावे: माणसे मोजणे, वल्ही गोळा करणे, बुडावर उभे राहून दांडी ओढणे, मग पाणी उपसणे. हे किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात, शांत हवेत शिकावे.