नक्षी

बळसाण्याची मंदिरं बघायला आलेला माणूस आधी एकच शब्द उच्चारतो : ‘काय नक्षी आहे!’ साक्री तालुक्यातलं हे काम यादवकाळाच्या आसपासचं. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचंही तसंच. गंमत अशी, की ज्या पाथरवटाने तिथल्या दारावर वेल चढवली, त्याच्या कानावर ‘नक्षी’ बहुधा कधी पडलीच नसेल. त्याच्याकडे पत्रशाखा होती, कीर्तिमुख होतं, व्याल होता. प्रत्येक आकाराला वेगळं नाव. आपण सगळ्यांना मिळून नक्षी म्हणून मोकळे होतो. आळसच म्हणायचा.

शब्द अरबी ‘नक्श’चा. मूळ अर्थ कोरणं. अरबीत ‘मिन्काश’ म्हणजे छिन्नीसारखं हत्यार. त्यात रंगवणं, चितारणंही आलं आणि राज्यकारभाराच्या फारसीबरोबर तो मराठीत उतरला. या मंदिरांच्या खानदेशात फारसी नांदली ती फारुकी सुलतानांच्या थाळनेर-बुऱ्हाणपुरात. थाळनेरला त्यांचे मकबरे आहेत. त्यातल्या अष्टकोनी मकबऱ्याच्या भिंतींवरच्या कोरीव कामाला मात्र हा शब्द जन्मापासून शोभतो.

मराठीत आल्यावर या शब्दाच्या घराण्याच्या वाटण्या झाल्या. कागदावरची जमीन ‘नकाशा’कडे गेली, तोरा ‘नक्षा’कडे. म्हणून भांडणात नक्षा उतरवतात, नकाशा नव्हे. ‘नक्षत्रा’शी मात्र यांचं काही नातं नाही, ते अस्सल संस्कृत.

नक्षी आता दगडापुरती उरलेली नाही. मेंदीची असते, पैठणीच्या काठाची असते, करंजीच्या कडेचीही असते. आणि हल्ली फरशीच्या दुकानात ‘नक्षीवाली दाखवा’ म्हटलं, की छापील टाइल पुढे येते.