फी २०२५ ची, कागद १९५० चा

कॉलेजची फी परवडत नाही? मग स्कॉलरशिप आहे ना! खरंय. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तर १९४४ पासून आहे. पण मानखुर्दच्या पोराला ती इथून मिळायची तर महाराष्ट्राचा जातीचा दाखला हवा, आणि त्यासाठी घराणं १० ऑगस्ट १९५० ला याच राज्यात होतं असा पुरावा. का, तर राष्ट्रपतींचा आदेश त्या दिवशी निघाला. जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७.

आता मानखुर्दच्या माणसाकडे कागद कुठला असणार? इथली जनता कॉलनी १७ मे १९७६ ला, ऐन आणीबाणीत पाडली आणि सुमारे ७० हजार माणसं चीता कॅम्पला हलवली. शेजारच्या अणुसंशोधन केंद्राला जागा हवी होती. त्याच जानेवारीत मुंबईतल्या झोपड्यांची गणना होऊन फोटोपास दिले गेले. तो जपला असला तरी २५ वर्षं उशिराचा!

आणि नंतर आलेले? आंध्रातल्या तेनालीचा एक मुलगा. वडील आदिवासी म्हणून सरकारी खत कंपनीत लागले, १९७८ मध्ये मुंबईला आले. मुलाला मेडिकलला तीच सवलत नाकारली गेली. १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं, राज्य बदललं की हा हक्क सोबत येत नाही. मला हे आजही पटत नाही. गाव सुटलं म्हणून जात थोडीच सुटते?

असो. नियमाने शिष्यवृत्ती मागायची ती मूळ राज्याकडे. फी मात्र भरायची मुंबईत.