सहा वर्षांचें एक फूल

आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ आपल्या सोनचाफ्यास मॅग्नोलियाच्याच कुळांत गणतात. त्याचा चीनमधील आप्त युलान मात्र हिवाळ्यांत निष्पर्ण होतो आणि पालवी फुटण्यापूर्वींच शुभ्र, सुगंधी फुलांनीं बहरून जातो. थांग राजवटीपासून मंदिरांच्या उद्यानांत त्याची जोपासना होत आली. इ. स. १७८० च्या सुमारास तो इंग्लंडांत पोहोंचला.

नेपोलियनच्या सैन्यांतील एत्येन सुलांज-बोदँ हा अधिकारी युद्धें संपल्यावर पॅरिसजवळ फ्रोमाँ येथें बागकामांत रमला. १८२० मध्यें त्यानें युलानच्या फुलावर जांभळ्या फुलांच्या दुसऱ्या चिनी मॅग्नोलियाचा पराग घातला. त्या बीजाच्या रोपास पहिलें फूल आलें तें १८२६ सालीं! ज्या भूमीवर वीस वर्षांहून अधिक काळ तोफा धडाडल्या, तेथील घरोघरच्या बागांत आज त्याच संकराचे वंशज फुलतात.

मात्र हें झाड उतावळ्याचें नव्हे. त्याचीं मांसल मुळें एकदां रुजल्यावर हलवूं नयेत. जमीन निचऱ्याची व किंचित् आम्ल असावी, बुंध्याशीं पालापाचोळा पसरावा. इतकें करूनही वसंतांतील एका रात्रीच्या हिमानें सारा बहर करपतो. माळ्यानें मग पुढील वर्षाची वाट पाहावी. रणांगणावरून परतलेल्या त्या सैनिकास ही वाट पाहण्याची विद्या साधली होती.